जुन्या बंदुकीचा नवा मालक

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले. त्या युद्धात लढलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. परंतु त्या युद्धातील बंदुका अस्तंगत झालेल्या नाहीत. लाकडी दस्त्याला तेल दिले आणि नळी स्वच्छ ठेवली, तर रायफल माणसापेक्षा सहज अधिक जगते. युरोप आणि अमेरिकेत असंख्य घरांच्या कपाटांतून अशी शस्त्रे आहेत. काही कोणी हौसेने विकत घेतलेली, काही लढाईवरून परतलेल्या आजोबांनी आणलेली. आजोबा देवाघरी जातात आणि बंदूक नातवाच्या हाती येते. मग कधी ना कधी प्रश्न उभा राहतो : ही कोणाकोणावर रोखली गेली असेल? आणि ती आपण घरात ठेवावी काय?

भारतात हा छंद फारसा संभवत नाही. 1959 च्या शस्त्रास्त्र कायद्यानुसार परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही आणि लष्करी .303 रायफल तर सामान्य नागरिकास निषिद्धच आहे. परंतु आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे आज अमेरिका व कॅनडा येथे स्थायिक झाली आहेत आणि तेथे हा बाजार खुला आहे. शिवाय या प्रश्नाचे मूळ बंदुकीहून खोल आहे. दुसऱ्याच्या दुःखातून आलेली वस्तू आपल्या मालकीची होते, तेव्हा तिच्यासोबत आपल्याकडे नेमके काय येते, असा हा प्रश्न आहे.

एका रायफलीचा प्रवास

उदाहरणादाखल जर्मन सैन्याची मुख्य रायफल घेऊ. माउझर पद्धतीची ही रायफल 'कार 98 के' या नावाने ओळखली जाते. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून 1945 पर्यंत तिचे सुमारे 1 कोटी 40 लाख नग तयार झाले. प्रत्येकीवर क्रमांक, कारखान्याची सांकेतिक अक्षरे, वर्ष आणि तपासणी अधिकाऱ्याचा गरुडाचा शिक्का उमटवलेला असे. अनेक शिक्क्यांत नाझी स्वस्तिकही असे.

जर्मनीचा पराभव झाला आणि या रायफलींना नवे धनी मिळाले. सोव्हिएत सैन्याने त्या ढिगांनी गोळा केल्या, खोलून दुरुस्त केल्या आणि कोठारांत साठवल्या. नॉर्वेवर पाच वर्षे जर्मनांचा ताबा होता. जर्मन गेल्यावर नॉर्वेच्या सैन्याने त्यांच्याच रायफलींवर आपला ठसा मारून त्या वापरात आणल्या. 1948 साली चेकोस्लोव्हाकियाकडून नवजात इस्रायलने याच जातीच्या रायफली विकत घेतल्या. ज्यू समाजाचा निर्वंश करू पाहणाऱ्या राजवटीचे शस्त्र ज्यू सैनिकांच्या खांद्यावर आले. त्या युद्धात ज्या अरबांना घरदार सोडावे लागले, त्यांच्या लेखी त्याच रायफलीचा अर्थ पुन्हा निराळा झाला.

शीतयुद्ध संपल्यावर पूर्व युरोपातील कोठारे उघडली आणि हा जुना माल जहाजे भरभरून अमेरिकेत पोहोचला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात 50 वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे आणि ती जमवणाऱ्यांसाठी स्वतंत्र संग्राहक परवानाही आहे. आपल्या देशातील इशापूर कारखान्यात घडलेल्या रायफलीदेखील निवृत्तीनंतर याच बाजारात विकल्या गेल्या.

क्रागुयेवाचचा धडा

सर्बियात क्रागुयेवाच नावाचे शहर आहे. शस्त्रनिर्मितीची तेथील परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. 1941 साली जर्मनांनी तो प्रदेश व्यापला. बंडखोरांनी एक जर्मन सैनिक मारल्यास 100 आणि जखमी केल्यास 50 स्थानिकांना ठार करावे, असा आदेश होता. त्यानुसार ऑक्टोबर 1941 मध्ये शहर व परिसरातील सुमारे 2,800 पुरुष व मुलगे गोळ्या घालून मारले गेले. त्यांत कारखान्याचे कामगार होते, शाळेच्या वर्गांतून नेलेले विद्यार्थी होते आणि त्यांचे शिक्षकही होते.

युद्धानंतर युगोस्लाव्हियाने जर्मनांकडून हाती लागलेल्या रायफली दुरुस्तीसाठी जेथे पाठवल्या, ते शहर हेच क्रागुयेवाच. तेथील कारागिरांनी जर्मन शिक्के घासून काढले आणि त्यांच्या जागी नव्या राज्याचे चिन्ह कोरले. ज्यांचे वडील वा भाऊ 1941 मध्ये मारले गेले होते, असे हातही त्या कामात असणे अगदी संभवनीय आहे. घासलेला तो शिक्का आज संग्राहकांना 'दोष' वाटतो. त्यामुळे रायफलीची किंमत उतरते. परंतु त्या कानशीमागे एका शहराचा शोक आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तो ओरखडाच त्या रायफलीवरील सर्वांत प्रामाणिक मजकूर ठरतो.

ज्यांचा शिक्का उमटला नाही

संग्राहक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे, की एखाद्या विशिष्ट रायफलीने कोणाचा जीव घेतला हे सांगता येत नाही. पुष्कळ रायफली सक्तीने भरती झालेल्या शेतकरी तरुणांकडे होत्या. काही तर कोठाराबाहेर पडल्याच नाहीत. शिक्क्यांवरून कारखाना समजतो, वर्ष समजते, तपासनीसही समजतो. नळीसमोर कोण उभे होते हे मात्र कोणताही शिक्का सांगत नाही.

तरीही एका बाबतीत 'कदाचित' म्हणण्याची सोय नाही. ऑस्ट्रियातील स्टायर कंपनीने गुझेन येथील छळछावणीत कैद्यांकडून रायफलींचे सुटे भाग बनवून घेतले. वायमारच्या गुस्टलॉफ कंपनीने बुखेनवाल्ड छावणीला लागूनच कारखाना थाटला. पोलंडमधील राडोम येथील शस्त्रकारखाना जर्मनांनी ताब्यात घेतला. तेथील कामगार पिस्तुलांचे भाग चोरून प्रतिकार चळवळीला देत असल्याचे उघडकीस आले, तेव्हा ऑक्टोबर 1942 मध्ये कामगारांसह अनेकांना भर रस्त्यावर फाशी देण्यात आली. अशा ठिकाणच्या शस्त्राने पुढे कोणाला मारले असो वा नसो, त्याच्या घडणीतच माणसाचा छळ मिसळलेला आहे.

गुझेनचे नाव आपल्याला परके वाटू नये. लिंझ धर्मप्रांताचे धर्मगुरू फादर योहान ग्रुबर याच छावणीत कैदी होते. स्वतः मरणाच्या छायेत असताना ते उपाशी तरुण कैद्यांसाठी अन्न मिळवीत. 7 एप्रिल 1944 रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, छावणीच्या अधिकाऱ्यांनी त्यांची हत्या केली. त्यांनी ज्यांना सूप पाजले, ते तरुण अशाच सक्तीच्या कामाच्या चरकात पिळून निघत होते.

नीतिशास्त्राची कसोटी

मग अशी बंदूक जवळ बाळगणे हे पाप आहे काय? या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'होय' असे देता येत नाही. दुसऱ्याच्या पापातील सहभागाचा विचार संत अल्फोन्सस लिगुओरी यांनी अत्यंत बारकाईने केला आहे. पापी कृत्याच्या हेतूलाच संमती देणे वेगळे आणि त्या हेतूशी सहमत नसताना कृत्याला बाह्य साहाय्य होणे वेगळे, असा भेद त्यांनी केला. या कसोटीनुसार आज रायफल विकत घेणारा माणूस 1941 च्या हत्याकांडाला साहाय्य करू शकत नाही. जे घडून गेले त्यात कोणी नव्याने हातभार लावू शकत नाही. शिवाय लोखंड आणि लाकूड यांना इच्छाशक्ती नाही; म्हणून त्यांना पापही नाही.

परंतु येथेच विचार थांबवणे धोक्याचे आहे. साहाय्य करण्याची वेळ निघून गेली, तरी संमती देण्याची वेळ निघून जात नाही. ती आजही देता येते. क्रौर्याच्या खुणांमुळेच एखादी वस्तू मनाला भुरळ घालीत असेल, तर ती संमतीची पहिली पायरी होय. ही शंका काल्पनिक नाही. गरुड आणि स्वस्तिक शाबूत असलेली रायफल त्याच प्रतीच्या घासलेल्या रायफलीपेक्षा महाग विकली जाते. काहींना इतिहासाचा अस्सल दस्तऐवज हवा असतो, हे मान्य. तो अभ्यासकाचा रास्त हेतू आहे. काहींना मात्र त्या चिन्हातील दरारा हवा असतो. दुकानदार दोघांकडून तेवढेच पैसे घेतो. दोघांतील भेद केवळ त्या माणसाला आणि परमेश्वराला ठाऊक असतो. दुसऱ्याच्या यातना मालाचे मोल वाढवू लागल्या, म्हणजे विवेकबुद्धीने जागे झाले पाहिजे.

भूतकाळापेक्षा भविष्याची चिंता

आणखी एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. जुन्या तलवारीप्रमाणे ही शस्त्रे निव्वळ शोभेची झालेली नाहीत. ती आजही चालतात. सीरियाच्या गृहयुद्धात 2012 साली जर्मन बनावटीच्या महायुद्धकालीन स्वयंचलित रायफली पुन्हा लढाईत दिसल्या. महात्मा गांधींची हत्या ज्या पिस्तुलाने झाली, ते इटालियन बनावटीचे बेरेटा एम 1934 होते. मुळात सैन्यासाठी घडवलेल्या जातीचे ते शस्त्र हातोहात फिरत ग्वाल्हेरला पोहोचले आणि जानेवारी 1948 च्या अखेरीस पुण्याच्या नथुराम गोडसेच्या हाती पडले. त्या पिस्तुलाचा सर्वांत काळा दिवस त्याच्या भूतकाळात नव्हता. तो पुढे यावयाचा होता.

हीच गोष्ट सर्बियाला पुन्हा एकदा अनुभवावी लागली. 3 मे 2023 रोजी बेलग्रेडमधील एका शाळेत 13 वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. त्यात नऊ विद्यार्थी आणि एक सुरक्षारक्षक मृत्युमुखी पडले. पिस्तुले वडिलांच्या मालकीची होती आणि परवान्याची होती. दुसऱ्याच दिवशी आणखी एक हत्याकांड झाले. त्यानंतर सरकारने विनापरवाना शस्त्रे शिक्षेविना जमा करण्याची मुभा दिली आणि लोकांनी हजारो बंदुका पोलिसांच्या स्वाधीन केल्या. अनेक घरांत ती शस्त्रे मागील युद्धांची आठवण म्हणून पडून होती.

शस्त्रांच्या व्यापारावर सार्वजनिक हिताच्या दृष्टीने नियंत्रण ठेवणे हा शासनसंस्थेचा हक्क आणि कर्तव्य आहे, अशी कॅथोलिक ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर बोलताना या व्यापारामागील रक्ताने माखलेल्या पैशाचा स्पष्ट उल्लेख केला होता. परंतु कायदा कपाटाच्या दारापर्यंत येतो. त्याच्या आत मालकाचा विवेकच पोहोचू शकतो.

मालकाचे कर्तव्य

ज्यांच्याकडे असे शस्त्र वारशाने आले असेल, त्यांनी चार गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते.

पहिली, त्याचे सत्य जाणून घ्यावे. क्रमांक व शिक्के तपासून कारखाना आणि वर्ष शोधावे आणि जे समजेल ते लिहून शस्त्रासोबत ठेवावे, म्हणजे पुढच्या पिढीला ते केवळ खेळणे वाटणार नाही. दुसरी, खुणा घासू नयेत आणि मिरवूही नयेत. क्रागुयेवाचच्या कारागिरांना तो शिक्का पुसण्याचा अधिकार होता, कारण दुःख त्यांचे होते. आपण तो आज पुसला, तर केवळ पुरावा नष्ट होईल. तिसरी, ते कायमचे निकामी करून घ्यावे किंवा संग्रहालयाला द्यावे. ते शक्य नसल्यास रीतसर पोलिसांकडे जमा करावे. विकावयाचेच असेल, तर यातनांच्या खुणांसाठी जादा मिळालेली रक्कम स्वतःच्या खिशात घालू नये. आज युद्धाने बेघर झालेल्यांची संख्या कमी नाही.

आणि चौथी गोष्ट, या शस्त्रापुढे उभ्या राहिलेल्या अनामिकांसाठी प्रार्थना करावी. आपण ख्रिस्ती लोक मृत्युदंडाचे एक साधन घराघरांत लावतो. क्रूस मारणाऱ्यांच्या पराक्रमाची खूण म्हणून कोणीही भिंतीवर टांगत नाही. त्यावर ज्याने प्राण दिला, त्याच्यासाठी आपण तो टांगतो. जुन्या बंदुकीकडे पाहताना आपली नजर कोणाकडे जाते, दस्त्यामागे उभ्या असलेल्याकडे की नळीसमोर उभ्या असलेल्याकडे, हे प्रत्येक मालकाने आपल्या अंतःकरणाला विचारावे. त्या उत्तरावरून ते शस्त्र आपल्या घरात राहावे की जावे, याचा निर्णय करणे कठीण जाणार नाही.