चव्वेचाळीस दिवसांचा निकाल

वाचकहो, फराळाबरोबर एक वाद चघळायला घ्या. फुटबॉल संघाच्या मॅनेजरला गुण द्यावेत कसे? इंग्लंडातल्या शौकिनांचा हा जुना वाद. आपल्याकडे मास्तरांबद्दल चालतो, तसाच!

ब्रायन क्लफ यांचेच पाहा. १९७४ साली ते लीड्स युनायटेडचे मॅनेजर झाले. संघ आदल्याच मोसमाचा लीगविजेता. सहा लीग सामन्यांत एकच विजय मिळाला आणि ४४ दिवसांत क्लफना नारळ मिळाला!

लीड्सवाले म्हणतात, "आयता विजेता संघ दिला, तरी जमले नाही." दुसरे म्हणतात, "४४ दिवसांत नव्या सुनेला सासरचे डबेसुद्धा सापडत नाहीत!" तिसरे आठवण देतात, की जुने जोडीदार पीटर टेलर लीड्सला त्यांच्यासोबत नव्हते.

१९७५च्या जानेवारीत क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेले. तो संघ दुसऱ्या श्रेणीत तेरावा होता; मोसम संपला तेव्हा सोळावा! लीड्सचा न्याय लावला असता, तर पुन्हा नारळच. पण चालकांनी कळ काढली. १९७६ साली टेलरही आले. १९७८ साली फॉरेस्ट लीगविजेता झाला, आणि १९७९ व १९८० साली त्याने युरोपियन चषक जिंकला.

तेव्हा गुणतक्ता उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. संघ हाती आला तेव्हा कुठे होता? सोबतीला कोण होते? वेळ किती मिळाला? नव्वदाचे एक्क्याण्णव करणाऱ्यापेक्षा तिसाचे साठ करणारा मास्तर मोठा.

आणि हो, कळ काढणाऱ्या चालकांनाही चार गुण द्यायला विसरू नये!