आधी तुकडा की आधी एमआरआय?

आमच्या गल्लीतले अण्णा एसटीतून निवृत्त झालेत, वय ६८. गेल्या वर्षी एका आरोग्य शिबिरात रक्त दिलं. पॅकेजमध्ये शुगर, कोलेस्टेरॉल यांच्यासोबत पीएसए पण होती. रिपोर्ट आला ७.४, पुढे ठळक अक्षरात 'हाय'. शिबिरवाल्यांनी कागद हातात दिला, मंडप काढला आणि गेले. पुढे काय करायचं, कुणीच सांगितलं नाही.

अण्णा घाबरून एका खासगी रुग्णालयात गेले. दोन दिवसांत बायोप्सी. गुदमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब घालून बारा तुकडे काढले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप, पाच दिवस अ‍ॅडमिट. तुकड्यांचा रिपोर्ट मात्र 'कॅन्सर नाही'. घरात पेढे वाटले. सहा महिन्यांनी पीएसए ९.८. आता एमआरआय झाला. ग्रंथीच्या पुढच्या बाजूला, जिथे मागून घातलेली सुई बरेचदा पोचत नाही, तिथे गाठ दिसली. नेमका तिथला तुकडा घेतला आणि कॅन्सर निघाला. नशीब, ग्रंथीबाहेर गेलेला नाही. उपचार चालू आहेत.

परवा कट्ट्यावर अण्णांनी विचारलं, "काय रे, हेच उलट्या क्रमानं केलं असतं तर?"

मी डॉक्टर नाही. पण हा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही, म्हणून वाचलं, दोन युरॉलॉजिस्टांशी बोललो आणि माझं मत बनलं. ते मांडतो.

पहिली गोष्ट, पीएसए वाढली म्हणजे कॅन्सर नव्हे. वयाप्रमाणे ग्रंथी मोठी झाली, लघवीत इन्फेक्शन झालं, लघवी तुंबून नळी टाकली, तरी ती वाढते. उलट ग्रंथी लहान करायच्या काही गोळ्यांनी (फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड) आकडा जवळपास निम्मा होतो, म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्टही फसवू शकतो. म्हणून थोडा वाढलेला आकडा दिसला तर इन्फेक्शन तपासायचं, ते असेल तर बरं होऊ द्यायचं, काही आठवड्यांनी पीएसए परत करायची. यात फारसा पैसा जात नाही.

आकडा तरीही वर असेल तर? इथे माझं मत स्पष्ट आहे: आधी एमआरआय, मग गरज असेल तर तुकडा.

कारण जुन्या पद्धतीची बायोप्सी म्हणजे अंधारात दगड मारणं. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण गाठ बहुतेक वेळा ओळखू येत नाही. २०१७ साली ब्रिटनमधला 'प्रॉमिस' अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ५७६ पुरुषांवर एमआरआय, नेहमीची बायोप्सी आणि ग्रंथीभर बारकाईनं सुया घालून केलेली बायोप्सी, तिन्ही करून ताडून पाहिलं. धोकादायक कॅन्सरपैकी एमआरआयनं ९३ टक्के पकडले, नेहमीच्या बायोप्सीनं फक्त ४८ टक्के. पुढच्याच वर्षी ५०० पुरुषांचा 'प्रिसिजन' अभ्यास आला. आधी एमआरआय केलेल्या गटात २८ टक्के लोकांना सुई लावावीच लागली नाही, आणि तरी धोकादायक कॅन्सर जास्त सापडले: ३८ टक्के, विरुद्ध २६.

त्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. निरुपद्रवी कॅन्सर एमआरआय गटात ९ टक्के, थेट बायोप्सीच्या गटात २२. प्रोस्टेटचे काही कॅन्सर इतके संथ असतात की माणूस त्यांच्यासोबत जगतो आणि भलत्याच कारणानं जातो. पण 'कॅन्सर' हा शब्द घरात शिरला की ऑपरेशनचा धोशा सुरू होतो आणि मग लघवी गळणं, लैंगिक शक्ती जाणं हेही मागून येऊ शकतं. जे शोधायची गरज नव्हती ते शोधून आपण माणसाला पेशंट करतो.

क्रमाला अजून एक साधं कारण आहे. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळतं आणि एमआरआयचं चित्र गढूळ होतं, म्हणून काही आठवडे थांबावं लागतं. आधी एमआरआय केला तर ही अडचण येत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१९ पासून हाच क्रम सांगितला आहे.

पण आता दुसरी बाजू, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर 'एमआरआय करा, बायोप्सी टाळा' असले मेसेज फिरतात. ते चूक आहेत.

एमआरआय कॅन्सरचं निदान करत नाही, संशय दाखवतो. रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स नावाचा १ ते ५ आकडा असतो. ४ किंवा ५ असेल तर तुकडा घ्यावाच लागतो, कारण डाग इन्फेक्शनचा किंवा क्षयाचाही असू शकतो. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. ३ म्हणजे अधलंमधलं. तिथे ग्रंथीच्या आकाराच्या मानानं पीएसए किती, घरात कुणाला होता का, हे बघून ठरवतात. १-२ आला तरी थोडे कॅन्सर निसटतात, म्हणून पीएसएवर लक्ष ठेवावं लागतंच. आणि ज्याचा पीएसए शंभराच्या वर आहे, कंबरेची हाडं दुखतायत, बोटानं तपासताना ग्रंथी दगडासारखी लागतेय, त्यानं एमआरआयच्या तारखेसाठी महिना घालवू नये. त्याला थेट तुकडा आणि हाडांची तपासणी. आपल्याकडे असे उशिरा आलेले पेशंट कमी नाहीत.

'सुई लागली की कॅन्सर पसरतो' हे तर डोक्यातून काढूनच टाका. या भीतीनं लोक वर्ष-वर्ष घालवतात, आणि खरा कॅन्सर पसरतो तो त्या वर्षात. इन्फेक्शनची भीती मात्र खरी आहे. त्यासाठी गुदमार्गाऐवजी खालच्या त्वचेतून सुई घालायची पद्धत आहे, तिच्यात आतड्यातले जंतू आत जायचा धोका बराच कमी. "कुठल्या मार्गानं करणार?" हे डॉक्टरांना विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

आता मूळ मुद्दा. हे सगळं माहीत असून आपल्या भागात उलटा क्रम का चालतो? कारण बायोप्सी तिथल्या तिथे होते. एमआरआयसाठी शहरात जायचं, काही हजार रुपये खिशातून घालायचे आणि प्रोस्टेटचा एमआरआय नीट वाचणारा रेडिओलॉजिस्टही मिळायला हवा. सरकारी योजना ऑपरेशनला मदत करते. पण ज्याला तपासणीत काहीच निघणार नाही, त्याच्या एमआरआयचं काय?

म्हणून तीन मागण्या. एक, शिबिरात पीएसए करायची तर आधी माणसाला विचारा, समजावा, आणि आकडा जास्त आला तर पुढची चिठ्ठी लिहून द्या. नुसता कागद देऊन पळू नका. दोन, जिल्ह्यात जिथे सरकारी एमआरआय मशीन आहे, तिथे प्रोस्टेटसाठी आठवड्यातला एक दिवस राखून ठेवा. २०२५ च्या 'प्राइम' अभ्यासानं दाखवलंय की चित्रं चांगली असतील तर कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनशिवायचा छोटा एमआरआयही तेवढंच काम करतो. वेळ आणि खर्च दोन्ही वाचतं. तीन, वाचणारा तज्ज्ञ इथे नसेल तर चित्रं वैद्यकीय महाविद्यालयात ऑनलाइन पाठवून रिपोर्ट मागवा.

आमदार-झेडपी सदस्यांनो, वाढदिवसाला शिबिरं जरूर घ्या. पण फ्लेक्सवर 'मोफत कॅन्सर तपासणी' लिहिलंत, तर रिपोर्टनंतरच्या माणसाची जबाबदारीही घ्या.

आणि घरातल्या मुला-सुनांनो, पन्नाशीपुढचा पुरुष लघवीचा त्रास स्वतःहून सांगत नाही. रात्री चारदा उठतो आणि 'पाणी जास्त प्यालो' म्हणतो. जरा विचारा.

तुमच्या घरात असा प्रसंग आला असेल तर काय क्रम झाला, खर्च किती आला, ते कमेंटमध्ये लिहा. नाव नका लिहू, तालुका लिहा. सगळं गोळा करून जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यायचं आहे. अण्णा म्हणालेत, पहिली सही माझी.