हुनर, वही आणि दुसरा माणूस

यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तेथील शेख इस्माईल शेख इब्राहिम या तरुणाला सगळे मुन्ना म्हणत. शिक्षण आठवीपर्यंत, पण वेल्डिंगच्या कामात हात बसलेला. कपाटे, कूलर बनवता बनवता त्याने मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून एका माणसापुरते हेलिकॉप्टर उभे केले आणि त्याला मारुती 800 चे इंजिन बसवले. सुमारे दोन वर्षांची मेहनत होती. 15 ऑगस्टला ते लोकांना दाखवायचे होते. 10 ऑगस्ट 2021 च्या रात्री जमिनीवरच चाचणी चालू असताना मागचा पंखा तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्याचा जबर मार मुन्नाच्या डोक्याला बसला. वय अवघे 24. अल्लाह मरहूमची मगफिरत करो आणि घरच्यांना सब्र देवो.

त्या वेळी कोणी त्याला ‘थ्री इडियट्स’मधला रँचो म्हटले, कोणी वेडे धाडस म्हटले. आपल्या घरांतून असे कितीतरी मुन्ना आहेत. कोणी गॅरेजमध्ये इंजिन उतरवतो, कोणी लेथवर काम करतो, कोणी भंगारातून मोटारसायकल जोडतो. त्यांच्या आई-वडिलांना रँचोही नको असतो आणि वेडाही नको असतो. त्यांना एवढेच जाणून घ्यायचे असते की मोटारीच्या जुन्या इंजिनावर उडणारे यंत्र घरी बनू शकते का, आणि बनत असेल तर कसे.

बनू शकते, आणि त्याला जवळपास शंभर वर्षे झाली. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पिटनपोल नावाचा स्वतःच शिकलेला मेकॅनिक होता. फोर्ड टी आणि आणखी काही इंजिने लावून पाहिल्यावर त्याने लाकडी सांगाडा, वर कापड आणि पुढे फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन असे दोन माणसांचे विमान तयार केले. मोटारीची इंजिने विमानाला चालत नाहीत, असे एका मासिकाच्या संपादकांचे मत होते. पिटनपोलने 1930 मध्ये आपली विमाने मिनियापोलिसला उडवत नेऊन त्यांना दाखवली. पुढे 1932 मध्ये त्याच विमानाचे नकाशे छापून आले. त्या नकाशांवरून लोक आजही ‘एअर कँपर’ बांधतात आणि उडवतात.

आता मुलांना समजावण्यासारखी गोष्ट. फोर्ड मॉडेल ए चे इंजिन सुमारे 3.3 लिटरचे आणि 40 अश्वशक्तीचे. मारुती 800 चे इंजिन 796 सीसीचे, आणि त्याचीही ताकद 40 च्या आसपासच. मग फरक कुठे? फोर्ड ही ताकद मिनिटाला 2200 फेऱ्यांवर देते. मारुतीला त्यासाठी पाच ते साडेपाच हजार फेऱ्या लागतात. विमानाचा पंखा एवढ्या वेगाने फिरवता येत नाही, कारण त्याच्या टोकांचा वेग आवाजाच्या वेगाजवळ गेला की गोंगाट वाढतो आणि ओढ कमी होते. म्हणून जुने, जड, संथ इंजिन पंख्याला सरळ जोडता येते, तर नव्या इंजिनाला मध्ये वेग कमी करणारा पट्टा किंवा गिअर लागतो. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा तर मिनिटाला काहीशे फेऱ्यांवरच फिरतो, त्यामुळे तिथे हे काम आणखी अवघड होते. मध्ये आलेला प्रत्येक शाफ्ट, बेअरिंग आणि जोड ही बिघाडाची एकेक नवी जागा असते.

दुसरा फरक वापराचा. रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ थोड्याच ताकदीवर चालते. घाटात तेवढा जोर लागतो, मग आराम. विमानाला उडताना पूर्ण जोर लागतो आणि वर गेल्यावरही तास तासभर मोठा जोर लावून ठेवावा लागतो. इंजिन बंद पडले तर बाजूला उभे करायला रस्ता नसतो. म्हणून पिटनपोलने मोटारीचे इंजिन जसेच्या तसे उचलून लावले नाही. बेअरिंगांना तेल नीट पोहोचावे म्हणून त्यात बदल केले आणि ठिणगीसाठी बॅटरीवर न चालणारा मॅग्नेटो बसवला.

अशा विमानाची देखभाल म्हणजे बांधण्याइतकेच मोठे काम आहे. प्रत्येक उड्डाणाआधी टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाहतात. पाणी असेल तर ते खाली बसलेले दिसते. महत्त्वाच्या नटाला स्प्लिट पिन किंवा तार असते, म्हणजे थरथरीने तो सैल होत नाही. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी चीर आहे का, हे भिंग घेऊन बघतात. शंका आली तर लाल रंगाचा द्रव फवारतात, पुसतात आणि वर पांढरी पावडर मारतात. चीर असेल तर लाल रेघ उमटते. हा फवारा महाग नसतो. पंखा हाताने फिरवताना इंजिन चालूच आहे असे समजायचे, कारण मॅग्नेटोची वायर सुटलेली असेल तर बटण बंद असूनही ठिणगी पडू शकते. आणि सगळ्यात महत्त्वाची ती वही. इंजिन किती तास चालले, तेल कधी बदलले, कोणता भाग काढून परत बसवला आणि तो दुसऱ्या कोणी तपासला, हे तारखेसह लिहायचे. एकाने बसवायचे आणि दुसऱ्याने तपासायचे. स्वतःच्या हाताची चूक स्वतःच्या डोळ्याला लवकर दिसत नाही.

मुन्नाचा नेमका कोणता जोड गेला, यावर घरी बसून तर्क करू नये. पण जमिनीवरच्या चाचणीचे नियम साधे आहेत. यंत्र खाली जखडून ठेवायचे, इंजिनाचा वेग लांबून केबलने वाढवायचा आणि फिरत्या पंख्याच्या पट्ट्यात कोणीही थांबायचे नाही. आधी काही मिनिटे चालवायचे, बंद करून सगळे जोड तपासायचे आणि मगच पुढे जायचे. हे त्याला समोर बसून सांगणारे कोणी भेटले असते तर?

महाराष्ट्रातच दुसरे उदाहरण आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी 1998 पासून प्रयत्न केले. तिसरे विमान त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर बांधले. 2016 मध्ये ते बीकेसीच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिले. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली आणि 2020 मध्ये ते धुळ्याच्या धावपट्टीवरून उडाले. यादव स्वतः वैमानिक, विमानाची विद्या शिकलेले. तरीही कागदांसाठी वर्षे गेली. हा उशीर कोणालाही खटकेल, आणि सरकारने तो कमी करायला हवा. पण नोंदणी आणि परवानगीमुळे दुसऱ्या जाणकाराची नजर यंत्रावर पडते, हेही विसरू नये.

लांब कशाला, आपल्या नगरमध्येच व्हीआरडीई ही वाहनांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. तिच्यासह बेंगळुरूच्या संस्थांनी मिळून 55 अश्वशक्तीचे व्हँकेल जातीचे इंजिन बनवले. 2009 मध्ये ‘निशांत’ हे विनाचालक विमान त्यावर उडाले. व्हँकेल इंजिन जगात मोटारींतही वापरले गेले आहे. म्हणजे मोटारीच्या इंजिनाकडून आकाशाकडे जाणारी वाट आपल्या गावातूनही जाते. फक्त तिथे शिकलेली माणसे, मोजमापाची साधने आणि लिहिलेल्या नोंदी आहेत.

म्हणून घरात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर दोन गोष्टी टाळा. त्याचे सामान भंगारात विकू नका आणि नुसत्या कौतुकाने त्याला फुगवूही नका. शाळा सुटली असेल तर आयटीआयची चौकशी करा. वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी पासही चालते, मोटार मेकॅनिकसाठी दहावी लागते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असेल तर विमान देखभालीचा डीजीसीएच्या परवान्याचा अभ्यासक्रम खुला आहे. प्रवेश घेण्याआधी ती संस्था डीजीसीएमान्य आहे ना, हे मात्र नक्की पाहा.

आणि आज गॅरेजमध्ये असलेल्या मुलाला एक जाड वही घेऊन द्या. कोणते इंजिन उघडले, काय झिजले होते, काय बदलले, हे त्याने मराठीत लिहावे, उर्दूत लिहावे, पण रोज लिहावे. रात्री अब्बांनी किंवा मोठ्या भावाने ती वाचावी आणि खाली सही करावी. यंत्रातले कळत नसले तरी चालेल. ‘हे तू तपासलेस, पण तुझ्यानंतर कोणी तपासले?’ एवढा प्रश्न विचारायला कोणत्याही डिग्रीची गरज नाही.