दक्षिणेचं आकाश : म्हाताऱ्या ताऱ्यांची वस्ती

पुण्या-मुंबईहून कधीच न दिसणारी एक गोष्ट आपल्याला सिंगापुरातून दिसते, ती म्हणजे ४७ टुकाने हा गोलाकार तारकागुच्छ. सुमारे १५,००० प्रकाशवर्षांवरची ही लाखो ताऱ्यांची दाट वस्ती, वय १००० कोटी वर्षांहून जास्त. थोडक्यात, सगळे ज्येष्ठ नागरिक!

अशा म्हाताऱ्या गुच्छांतून क्ष-किरण येतात हे १९७०च्या दशकात कळलं. पुढे मंद स्रोतही दिसू लागले, पण दाटीत कोण कुठला ते ओळखता येईना. १९९९ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची 'चंद्रा' दुर्बीण अवकाशात गेली आणि ४७ टुकानेच्या गाभ्यात शंभरहून अधिक मंद ठिपके सुटे सुटे दिसले.

हे ठिपके कोणाचे? बहुतेक जोड्यांचे. इंधन संपलेला श्वेत बटू किंवा न्यूट्रॉन तारा शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो, तो वायू प्रचंड तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. त्याच वायूमुळे मंदावलेला न्यूट्रॉन तारा पुन्हा सेकंदाला शेकडो गिरक्या घेऊ लागतो. एकट्या ताऱ्याला जोडीदार मिळतो तो गर्दीमुळे. जिथे गाठीभेटी जास्त, तिथे असे स्रोतही जास्त.

यात आपलं नारायणगावही आहे बरं का! तिथल्या खोडदच्या जीएमआरटीने, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी, एनजीसी १८५१ या गुच्छात असाच एक रेडिओ पल्सार शोधला. सेकंदाला सुमारे २०० गिरक्या! २००४ साली हा शोध जाहीर झाला. त्याची कक्षा इतकी लांबट आहे, की गर्दीत जोडीदाराची अदलाबदल झाली असावी, असं शास्त्रज्ञ मानतात.

हे वाचताना मला बाबा आठवतात. आई गेल्यावर ते सांगलीत एकटे, अगदी गप्प झाले होते. इथे आणलं तर म्हणाले, "या गर्दीत माझं काय काम?" आता ब्लॉकखालच्या बाकावर एक चिनी आजोबा त्यांची वाट बघतात. दोघांची भाषा एक नाही, पण बाबा संध्याकाळी पाचला चपला घालून तयार!

दिवाळीच्या दिवसांत रात्री दहा-अकराच्या सुमारास ईस्ट कोस्टला जा, समुद्रावर थेट दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण १६ अंश वर द्विनेत्री लावा. ढग नसतील तर एक धूसर कापसाचा बोळा दिसेल. घरच्या आजी-आजोबांनाही बरोबर न्या.

शुभ दीपावली!