पाणी कुठवर येईल?

लखनौच्या हजरतगंजचे नाव काढले की चिकनचे कुर्ते आणि संध्याकाळचे रमतगमत फिरणे आठवते. पण ज्यांनी १९६० चा ऑक्टोबर पाहिला आहे, त्यांना आठवतात त्या याच रस्त्यांवरून चाललेल्या होड्या. गोमती पात्र सोडून शहरात शिरली होती. पुढे नदीच्या दोन्ही काठांवर बांध घालण्यात आले. त्यानंतर ३१ जुलै २०२४ रोजी हजरतगंजजवळच्या विधानभवनात पाणी शिरले, तेही अधिवेशन चालू असताना! या वेळी गोमती आपल्या पात्रातच होती. पाणी आले होते काही तासांच्या मुसळधार पावसाचे.

ठिकाण जवळजवळ तेच, पण पाणी दोन प्रकारचे. पुराच्या धोक्याचा नकाशा काढणाऱ्यांपुढचा पेच नेमका हाच आहे.

असे नकाशे आता संगणकावर तयार होतात. त्या पद्धतीला भौगोलिक माहिती प्रणाली, किंवा जीआयएस, म्हणतात. नाव भारदस्त असले तरी कल्पना साधी आहे. भरतकामाचा नमुना उतरवायला आपण ट्रेसिंग पेपर घेतो ना, तसे कागद एकावर एक ठेवायचे. एकावर जमिनीची उंची, दुसऱ्यावर नदी आणि नाले, तिसऱ्यावर घरे व रस्ते, चौथ्यावर शाळा आणि दवाखाने. मग विचारायचे, ‘नदी इतके मीटर चढली तर कोण पाण्यात जाईल?’ संगणक क्षणात उत्तर देतो. लखनौला ही विद्या नवी नाही. उपग्रहांच्या चित्रांवर काम करणारे उत्तर प्रदेशचे सुदूर संवेदन केंद्र तिथे १९८२ पासून आहे. महाराष्ट्राचे असेच केंद्र नागपूरला आहे.

नदीचा पूर या पद्धतीला त्यातल्या त्यात सोपा जातो. गोमती हिमालयातल्या बर्फावर पोसलेली नदी नव्हे. पिलिभीत जिल्ह्यातल्या एका तळ्यातून ती निघते आणि पाऊस व भूजल यांवर वाहते. तिची पातळी रोज मोजली जाते. पुराचे पाणी काही दिवस पसरून राहिले, तर रडार असलेल्या उपग्रहाला ते ढगांआडूनही दिसते.

पावसाचे तुंबलेले पाणी मात्र चकवते. ते दुपारी चढते आणि रात्री ओसरते. उपग्रह आपल्या ठरल्या वेळीच डोक्यावरून जाणार. शिवाय लखनौची जमीन परातीसारखी सपाट. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने रडार लावून जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज कोणालाही फुकट मिळते आणि पुष्कळ नकाशे तिच्यावरच उभे असतात. तिच्यातला एकेक चौकोन ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, म्हणजे सुमारे ९,७०० चौरस फुटांचा. त्यात चार-पाच घरे, मधली गल्ली आणि कडुलिंबाचे झाड यांना मिळून उंचीचा एकच आकडा मिळतो. रडारला छप्पर आणि झाडाचा शेंडा हीसुद्धा जमीनच वाटते, त्यामुळे हा आकडा काही मीटरनी चुकू शकतो. घरातले पाणी घोट्यापर्यंत की छातीपर्यंत, हा फरक तर एका मीटरचा आहे!

त्यातून बांधांची आणखी एक गोष्ट आहे. बांध नदीला बाहेर ठेवतो, तसा शहरातल्या पाण्याला आतही ठेवतो. नदी फुगली की नाल्यांच्या तोंडाची दारे लावावी लागतात, नाही तर तीच उलटी आत येईल. मग साचलेले पाणी पंपांनी उपसून पलीकडे टाकायचे. म्हणजे बांधामागचे घर नदीच्या नकाशात सुरक्षित रंगात असते, आणि पंप बंद पडला की त्याच घरातल्या गाद्या माळ्यावर चढवाव्या लागतात. कोणता नाला गाळाने भरला आहे आणि कोणत्या पंपाला वीज गेल्यावर जनरेटर आहे, हा कागद वर ठेवल्याशिवाय नकाशा अर्धाच राहतो. हा कागद आकाशातून मिळत नाही. त्यासाठी गल्लीत उतरावे लागते.

नकाशातल्या रेषेची किंमत काय असते, हे कुकरैलच्या काठी दिसले. ही गोमतीला मिळणारी छोटी उपनदी. शहर तिला नाला म्हणूनच ओळखते. जून २०२४ मध्ये तिच्या काठची अकबरनगर वस्ती पाडली गेली. हजाराहून अधिक बांधकामे गेली आणि कुटुंबांना शहराच्या दुसऱ्या भागातल्या सदनिकांत हलवण्यात आले. पुढच्याच महिन्यात पंतनगरसारख्या वसाहतींतल्या घरांवर पूरक्षेत्राच्या लाल खुणा उमटल्या. रहिवासी कागदपत्रे घेऊन रस्त्यावर आले. शेवटी ही घरे पाडणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. घरे वाचली हे चांगलेच झाले. पण पाणी तिथवर येते की नाही, हा मूळ प्रश्न या गदारोळात बाजूलाच पडला. खुणा करण्याआधी रेषा कशी ठरवली हे लोकांना दाखवले असते, तर एवढी घबराट उडाली नसती.

आपल्याकडे पुणे-सांगलीच्या लोकांना निळी आणि लाल रेषा ठाऊक आहे. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. ‘शंभर वर्षांतून एकदा ना? मग आपल्या हयातीत कशाला येतोय!’ असे घर घेणारा सहज म्हणून जातो. त्याचा खरा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता असा आहे. घराचे कर्ज ३० वर्षांचे असेल, तर ते फिटायच्या आत असा पूर येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक भरते. निळ्या रेषेच्या पुराची तर दहात सात!

तेव्हा लखनौ असो की सांगली, घर घेताना पूररेषेचा नकाशा जरूर पाहावा. तो पाहून झाला की त्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारावे, गेल्या पावसात साखरेची पोती कितव्या फळीवर ठेवली होती.