सूचना दाराशी पोहोचली पाहिजे

पवना धरणातून नदीत सोडावयाच्या पाण्याचे प्रमाण वाढविण्याचा निर्णय झाला, की पाटबंधारे खात्याकडून तशी वर्दी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेस जाते, तेथून ती अग्निशमन दलास व क्षेत्रीय कार्यालयांस कळविली जाते, आणि अखेरीस ध्वनिवर्धक लावलेली एखादी गाडी पिंपरीच्या संजय गांधीनगरातून किंवा सांगवीतील नदीलगतच्या गल्ल्यांतून सामान वर घेण्यास आणि घर सोडण्यास सांगत फिरते. २५ जुलै २०२४ रोजी पवना व मुळा या दोन्ही नद्यांनी काठ सोडले, तेव्हा पुष्कळ कुटुंबांना चालते घर टाकून महापालिकेच्या शाळांत आसरा घ्यावा लागला. अशा प्रसंगी भर पावसात राबणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या तळमळीविषयी मला शंका नाही. परंतु कोणाचे रेशनकार्ड, मुलांचे दाखले आणि शिलाईचे यंत्र वाचते व कोणाचे चिखलात जाते, याचा निवाडा बहुतांशी एकाच गोष्टीवर होतो, ती म्हणजे वर्दी किती आधी कानी पडली. आणि रात्रपाळी करून आलेला, दार लावून दिवसा झोपलेला कामगार ज्या शहरात हजारोंनी आहे, तेथे गाडी गल्लीतून गेली एवढ्यावरून वर्दी पोहोचली असे धरून चालणे हा त्या कामगारावर अन्याय आहे.

नागरी सेवा म्हटले की नळ, दिवाबत्ती, गटारे, दवाखाने आणि शाळा एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. माहिती वेळेवर, समजेल अशा भाषेत आणि जिला तिची गरज आहे त्या व्यक्तीच्या हाती देणे ही त्याच तोलाची सेवा आहे, आणि ती मोजली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज मोजले जाते ते प्रकाशन. जाहीर प्रकटन वर्तमानपत्रात छापले, कार्यालयाच्या फलकावर डकविले, संकेतस्थळावर चढविले, की त्याची दप्तरी नोंद होते आणि कर्तव्य पुरे झाले असा समज दृढ होतो. ते कोणी वाचले, कोणास कळले, कोणाच्या हातून त्यामुळे मुदत साधली गेली, हे विचारण्याची रीत नाही.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्याची घडणच अशी आहे, की येथे ही उणीव इतर ठिकाणांपेक्षा अधिक जाचते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, त्यामागून मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका आणि १९९७ साली आसपासच्या गावांचा समावेश, अशा टप्प्यांनी १८१ चौरस किलोमीटरांचे हे शहर झाले, आणि २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली. ती वाढली मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहारातून पोटासाठी आलेल्या माणसांमुळे. भोसरीच्या किंवा चिखलीच्या जुन्या रहिवाशाला गावच्या चावडीवर, देवळाच्या ओट्यावर, भावकीत बातमी कळत असे. दवंडी पिटली तर ती प्रत्येक आळीत ऐकू जाई. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी करार बदलणाऱ्या माणसाला यांतले काहीच नाही. त्याला जे कळेल ते कार्यालयाने कळविले तरच कळेल.

पाण्याचेच घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत सुरू झाली आणि तात्पुरती म्हणून आलेली ही व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहिली. रावेतच्या बंधाऱ्यातून पवनेचे पाणी उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध करावयाचे, आंद्रा धरणाचे पाणी निघोजे येथे इंद्रायणीतून उचलून चिखलीस आणावयाचे, भामा-आसखेडच्या पाण्याची तजवीज करावयाची, ही सर्व खटपट मोठी आहे आणि तिचे मोल मी जाणतो. पवनेच्या बंद जलवाहिनीच्या विरोधात मावळातील शेतकरी रस्त्यावर उतरले असता ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे झालेल्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचे प्राण गेले, हेही या पाण्याच्या इतिहासातले पान आहे. ज्यांच्या शिवारातून योजना जाते त्यांच्याशी आधी आणि विश्वासाने बोलणे किती निकडीचे असते, हे सांगण्यास त्याहून दुःखद उदाहरण शोधावे लागणार नाही. परंतु पाणी कमी असणे निराळे आणि ते केव्हा येणार हे ठाऊक नसणे निराळे. ज्या घरात नवरा-बायको दोघेही कामावर जातात, तेथे नळाची वेळ दोन तासांनी सरकली की कोणीतरी एकाने रजा टाकावी लागते, किंवा शेजारणीकडे किल्ली ठेवून पिंप भरून घ्यावे लागते. मोठ्या सोसायटीत टाकी भरली नाही, की सचिव टँकर मागवितो आणि त्याचा खर्च देखभालीच्या वर्गणीत चढतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला आज कोणत्या भागाचे पाणी उशिरा सुटणार हे पहाटेच ठाऊक असते. त्याला ठाऊक असलेली गोष्ट त्या भागातील प्रत्येक नळधारकाच्या भ्रमणध्वनीवर त्याच वेळी जाणे यास फार मोठा खर्च लागत नाही. मिळकतकराची बिले बचत गटांच्या स्त्रियांमार्फत घरोघर पोहोचविण्याचा उपक्रम याच महापालिकेने राबविला आहे. वसुलीसाठी दार सापडते, तर सूचनेसाठीही ते सापडले पाहिजे.

माहिती न पोहोचल्याची, किंवा पोहोचूनही मनावर न घेतली गेल्याची, सर्वांत दारुण किंमत चिखलीत मोजली गेली. इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार, आणि तो सर्वोच्च न्यायालयात कायम झाल्यानंतर, १७ मे २०२५ रोजी पाडण्यात आले. निळी रेषा म्हणजे साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा आणि तांबडी म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या दोहोंच्या आत काय बांधता येते आणि काय येत नाही याचे नियम ठरलेले आहेत. नदीच्या पात्राची जागा नदीलाच असली पाहिजे, आणि तेथील बांधकामांची कड मी घेणार नाही. माझा प्रश्न त्याआधीच्या वर्षांविषयीचा आहे. पूररेषा असते पाटबंधारे खात्याच्या आणि विकास योजनेच्या नकाशांत; भूखंड घेणारा माणूस पाहतो सातबारा, खरेदीखताचा मसुदा आणि शेजारच्या भूखंडावर उभी राहिलेली भिंत. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जातो, आणि अनधिकृत बांधकामावरही मिळकतकराची आकारणी होऊ शकते. या प्रत्येक पायरीवर सरकारी शिक्का पाहून सामान्य माणसाचा समज होतो, की वावगे काही असते तर कोणीतरी अडविले असते. आयुष्याची पुंजी घालून बांधलेले घर यंत्राच्या एका फटक्यात जमीनदोस्त होताना त्याला कायद्याचे जे ज्ञान होते, ते त्याला दस्त नोंदविताना व्हावयास हवे होते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात, मिळकतकराच्या बिलावर आणि निबंधकाच्या कार्यालयातील दस्तावर पूररेषेचा उल्लेख ठळक अक्षरांत करणे सक्तीचे केले, तर पुढची फसवणूक पुष्कळ अंशी थांबेल. आणि मग जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यास कळले नव्हते असे म्हणण्याची सवड राहणार नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही याच नदीवर, त्याच वर्षी घडले. मावळात कुंडमळा येथील जुना लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे होता. सूचना देणे हे कर्तव्य खरे, पण जेथे पूल बंद करणे आवश्यक असते तेथे फलक लावून थांबणे हे कर्तव्य पार पाडणे नव्हे. जोखीम कार्यालयाच्या माथ्यावरून उचलून वाटसरूच्या माथ्यावर ठेवणे आहे.

शहराच्या प्रारूप विकास आराखड्याच्या बाबतीतही हाच अनुभव आला. मे २०२५ मध्ये आराखडा प्रसिद्ध झाला, प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे हरकतींसाठी साठ दिवसांची मुदत मिळाली, आणि हजारोंच्या संख्येने हरकती दाखल झाल्या. लोक उदासीन नाहीत याची ही साक्ष आहे. परंतु आपल्या घरावरून रस्ता गेला आहे की आपल्या जागेवर आरक्षण पडले आहे, हे रंगीत नकाशावर हुडकून काढणे ज्याला साधत नाही, त्याची मुदत शेजाऱ्याकडून ऐकू येईपर्यंत निम्मी सरलेली असते. ज्या मिळकतीवर परिणाम होणार, तिच्या धारकास एका पानाचे साध्या मराठीतील पत्र जावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चाकणकडे वळले की प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण तेथे कोणाला विचारावे हेच कळत नाही. चाकण गावाची नगरपरिषद २०१५ साली झाली. पण नाणेकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी येथे कामगारांची जी प्रचंड वस्ती झाली आहे, ती वाढली ग्रामपंचायतींच्या हद्दीत. कारखान्यांच्या जमिनी आणि आतील रस्ते औद्योगिक महामंडळाचे, बांधकामाची परवानगी प्रदेश विकास प्राधिकरणाची, नाशिकला जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा, आणि पोलिस २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. तळेगाव चौकात अडकलेल्या कंपनीच्या बसमध्ये बसून ज्याची निम्मी झोप जाते, त्याने खड्ड्याची तक्रार कोणाकडे करावी? तो ग्रामपंचायतीत गेला तर रस्ता आमचा नाही असे उत्तर मिळते, महामंडळात गेला तर हद्द येथे संपते असे सांगतात, आणि दोन्ही उत्तरे कागदोपत्री बिनचूक असतात. त्यातच ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्यांची सभा. ज्याचे नाव अजून लातूरच्या किंवा गोंदियाच्या यादीत आहे, जो दहा वर्षे येथे भाडे भरतो, येथले पाणी पितो आणि येथला कचरा पाहून विटतो, त्याला सभेची नोटीस जाण्याचे कारणच नाही. या पट्ट्याची भरभराट ज्याच्या घामावर उभी आहे, त्याला तेथील कोणतीच संस्था आपला रहिवासी म्हणून ओळखत नाही, ही गोष्ट मला अत्यंत लाजिरवाणी वाटते. या सर्व कार्यालयांनी मिळून चाकणमध्ये एकच तक्रार-दालन उघडावे, तेथे अर्ज घेताना हद्दीचा प्रश्न अर्जदाराला विचारू नये, आणि योग्य खात्याकडे तो पोहोचविण्याचे दायित्व दालनाचे असावे.

कायद्याची वाण नाही. माहितीच्या अधिकाराचा अधिनियम २००५ सालचा. त्याच्या कलम ४ मध्ये कोणी अर्ज न करताही माहिती स्वतःहून प्रसृत करण्याचे बंधन आहे, आणि ती स्थानिक भाषेत व त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल अशा मार्गाने द्यावी असेही तेथे म्हटले आहे. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा. त्यान्वये अधिसूचित दाखल्यांना व परवान्यांना मुदत ठरली, अपील आले, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडाची तरतूद झाली. पाणी बंद राहणार असल्याची आगाऊ सूचना, पुराची वर्दी, विकास योजनेचे वैयक्तिक पत्र याही सेवा त्याच यादीत घेऊन त्यांना मुदत आणि अपील का असू नये? शिवाय या शहराला चांगल्या कामाचा दाखला बाहेरून आणावयाचा नाही. श्रीकर परदेशी आयुक्त असताना १५ ऑगस्ट २०१३ रोजी ‘सारथी’ सुरू झाली. कोणता दाखला कोठे, कोणत्या कागदांवर मिळतो याची उत्तरे पुस्तिकेत आणि दूरध्वनीवर नागरिकास सरळ मिळू लागली. त्या उपक्रमाचे मर्म हे, की कार्यालयाची रचना समजून घेण्याचा भार त्याने नागरिकावरून काढून कार्यालयावर ठेवला. त्यात आता एकच भर पडावी: तक्रार निकाली निघाली की नाही, हे तक्रारदाराने होकार दिल्यावरच नोंदले जावे.

१३ मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे या महापालिकेत लोकनियुक्त सदस्य नव्हते. कारभार प्रशासकाकडे होता. चाकणची नगरपरिषद डिसेंबर २०२५ मध्ये आणि महापालिका १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाने पुन्हा निवडून आलेल्यांच्या हाती गेली. नगरसेवक नसताना प्रशासनाने क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारी जनसंवाद सभा घेण्याचा प्रघात पाडला, तो स्तुत्य होता आणि नगरसेवक आले म्हणून तो मोडू नये. मात्र या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि सोमवारी सकाळी येणे म्हणजे कंत्राटी कामगारास एका दिवसाच्या रोजाला मुकणे असते. नव्या सभागृहाने जनसंवाद सभेचा वार गुरुवार करावा, तिची सूचना मराठीत व हिंदीत कारखान्यांच्या फाटकांवर, कंपनीच्या बस थांबतात त्या थांब्यांवर आणि भाड्याच्या चाळींत आठवडाभर आधी लागावी, आणि प्रत्येक सभेत मागील सभेच्या तक्रारींचे काय झाले हे प्रथम वाचून दाखवावे. असा ठराव करण्यास शासनाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.