द्राक्षं गोठलीच नाहीत, मग आईसवाईन कसली?

मंडळी, आपल्या नाशकात जानेवारी-फेब्रुवारीत वाईनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, तेव्हा जर्मनीत मोझेल नदीकाठचे काही बागायतदार मुद्दाम वेलीवर ठेवलेले घड गोठायची वाट बघत असतात. किमान उणे ७ अंश लागतात. अंधारातच तोडायचे, गोठलेलेच दाबायचे. पाण्याचा बर्फ मागे राहतो, निघतो तो घट्ट गोड रस. ही आईसवाईन. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या १३ पैकी एकाही वाईन विभागात ती झाली नाही. असं पहिल्यांदाच घडलं.

म्हणाल, फ्रीजरमध्ये ठेवा की! पण तिथला कायदा सांगतो, द्राक्षं वेलीवरच गोठली पाहिजेत. माझ्या मते हा कायदा अजिबात ढिला करू नये. मोझेलचे उतार इतके उभे, की बरंचसं काम हातानंच. काळपट स्लेट दगड दिवसाची ऊब धरून ठेवतो, म्हणून एवढ्या उत्तरेला रिस्लिंग पिकतं. (उष्णता वाढल्यानं आता ते जास्त सहज पिकतं, खोटं कशाला बोला!) एवढ्या मजुरीची बाटली विकली जाते ती जागेच्या आणि थंडीच्या नावावर. फ्रीजर काय, सपाटीवरच्या कारखान्यातही बसतो. मग तो उतार कोण चढेल?